अभिनंदनाची पोच

"बाई, वाचल्याबिगर कुणाचं अभिनंदन करत जाऊ नको."

धम्मानंद सोनसळे यांनी आपल्या लेकीला हे सांगितलं, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हा लुंबिनी उजव्या हाताने पोळी भाजत होती आणि डाव्या अंगठ्याने ऑफिसच्या ग्रुपवर कुणाचं तरी अभिनंदन करत होती. कुणाचं, ते तिलाही नक्की माहीत नव्हतं.

"बाबा, अभिनंदन म्हणजे काय सही आहे का? नुसता शिष्टाचार असतो तो," ती हसून म्हणाली.

धम्मानंद एसटीत तीस वर्षं कंडक्टर होते आणि त्यातली अठरा वर्षं युनियनमध्ये. पैसे हातात पडल्याशिवाय तिकीट फाडायचं नाही आणि कागद वाचल्याशिवाय मान हलवायची नाही, या दोन तत्त्वांवर त्यांनी उमरीत घर बांधलं होतं. त्यांनी तव्याकडे बोट दाखवलं. पोळी तेवढी करपली.

लुंबिनी नरवाडे ही एका खाजगी तंत्रनिकेतनात कार्यालयीन अधीक्षक. हे तंत्रनिकेतन नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. नाव सांगत नाही, कारण नाव घेतलं की ते लोक लगेच खुलासा मागवतात. तिथले सगळे आदेश 'आपला परिवार' नावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निघत. सचिव रामलिंग साहेब लेटरहेडवरच्या आदेशाचा फोटो टाकत आणि पाच मिनिटांच्या आत बेचाळीस माणसं अभिनंदन करून मोकळी होत. मग आदेश बढतीचा असो की पाण्याची टाकी धुण्याचा. एकदा प्रयोगशाळा सहायक सुदर्शनने साहेबांचे मेव्हणे नरसिंग यांच्या नेमणुकीचा आदेश नीट वाचला. वाचण्यात वेळ गेला आणि अभिनंदन राहून गेलं. त्याला सलग तीन रविवार परीक्षेची ड्यूटी लागली. तेव्हापासून सुदर्शन वाचत नाही. कुणीच वाचत नाही. लुंबिनीने तर मजकूर मोबाईलमध्ये तयारच ठेवला होता: 'मा. साहेब, योग्य व्यक्तीला योग्य न्याय! मनःपूर्वक अभिनंदन!' आणि पुढे तीन पुष्पगुच्छ.

प्रसूती रजेवर गेल्यावर तर तिच्या अभिनंदनांना नुसता ऊत आला. सहा महिने खुर्ची रिकामी; लोक आपल्याला विसरले तर? या धास्तीने ती यशूला खांद्यावर टाकून, एका हाताने तिची पाठ थोपटत, दुसऱ्या हाताने सगळ्यांच्या आधी पुष्पगुच्छ पाठवायची. यशूला ढेकर यायच्या आत अभिनंदन गेलेलं असायचं.

रजा संपायला चार दिवस राहिले होते. गुरुवारी सकाळी अकराला ग्रुपवर आदेश आला. यशू रडत होती, कुकरची दुसरी शिट्टी व्हायची होती. लुंबिनीने तयार मजकूर चिकटवला. पहिला नंबर तिचाच. मागून बाकीचे एकेचाळीस आले.

दोन मिनिटांनी ग्रंथालयातल्या ज्योत्स्नाचा फोन.

"ताई, काळीज केवढं मोठं हो तुमचं! माझ्यावर आलं असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं."

"का गं? काय झालं?"

"काय झालं म्हणून मलाच विचारून राहिल्या? अभिनंदन तर तुम्हीच केलं पहिल्यांदा!"

लुंबिनीने फोटो मोठा करून पाहिला. आवक-जावक लिपिक श्री. चन्नबसप्पा यांच्याकडे अधीक्षकपदाचा कार्यभार देण्यात येत होता. आणि श्रीमती लुंबिनी नरवाडे यांना रजेवरून हजर झाल्यापासून, प्रशासकीय सोयीस्तव, आवक-जावक टेबलावर कनिष्ठ लिपिक म्हणून बसवण्यात येत होतं. त्याखाली तिचंच वाक्य होतं. योग्य व्यक्तीला योग्य न्याय.

तिने आपला मेसेज खोडला. घाईत 'सर्वांसाठी' खोडायच्या ऐवजी 'माझ्यासाठी' खोडला. म्हणजे बेचाळीस माणसांच्या मोबाईलवर तो जसाच्या तसा राहिला आणि दिसेनासा झाला तो फक्त तिला.

तिने साहेबांना फोन लावला.

"सर, ही तर पदावनती आहे. माझी काही चूक झाली का?"

"अहो मॅडम, चूक कसली? तुमचं लेकरू लहान. अधीक्षकाच्या डोक्याला किती ताप! म्हटलं जरा हलकं काम द्यावं. अन् तुम्हाला तर पटलंच की. मी तुमचा तो मेसेज अध्यक्षांना पाठवला लातूरला. लई खूश झाले. म्हणाले, अशी माणसं पाहिजेत संस्थेला."

"सर, मी तो न वाचता..."

"न वाचता?" साहेबांचा आवाज दुखावला. "म्हणजे मागच्या वर्षी माझ्या वाढदिवसाला जे लिहिलं होतं, ते बी न वाचताच का?"

फोन बंद झाला.

खरं कारण सगळ्या ऑफिसला माहीत होतं. लुंबिनी फाईल वाचायची आणि चूक दिसली की परत पाठवायची. चन्नबसप्पा बावीस वर्षांत कशालाच नाही म्हणाले नव्हते. पण लुंबिनीचा जीव खुर्चीपायी तेवढा तुटत नव्हता. यशू बाटली तोंडाला लावू देत नव्हती. घर कॉलेजच्या मागेच होतं. अधीक्षक म्हणून दुपारी एकला पाच मिनिटांत घरी जाऊन लेकराला पाजून येता येईल, या एका हिशेबावर तिने परत नोकरीवर जायचं धाडस केलं होतं. आणि आवक-जावकच्या माणसाला दहा ते पावणेसहा टेबल सोडता येत नाही. टपाल कधीही येतं.

तिचा नवरा आनंदराज वीज कंपनीत होता. स्वभावाने थंड. "हलकं काम तर हलकं काम," तो म्हणाला. "दोन महिने काढ, मग बघू." लुंबिनीने त्याच्याकडे असं पाहिलं की तो मीटर तपासायला निघून गेला. रविवार होता, तरी.

धम्मानंद त्याच रविवारी सकाळच्या गाडीने उमरीहून आले. हातात पिशवी. पिशवीत मेथीची जुडी आणि मेथीखाली कायद्याचं एक जुनं पुस्तक.

"वाचल्याबिगर अभिनंदन केलं का न्हाई?" त्यांनी विचारलं.

"केलं," लुंबिनी म्हणाली आणि रडायला लागली.

"रडू नको. रडल्याची पोच भेटत न्हाई." त्यांनी चष्मा लावला. "ऐक. माणसाला खाली उतरवायचं तर आधी नोटीस द्यावी लागती, कारण सांगावं लागतं, त्याचं म्हणणं ऐकावं लागतं. तुला दिली का नोटीस? न्हाई. दुसरं. बाई बाळंतपणाच्या रजेवर असताना तिच्या नोकरीच्या अटी तिचं नुकसान होईल अशा बदलता येत न्हाईत. तिसरं. लेकरू पंधरा महिन्यांचं होईस्तोवर दिवसातून दोनदा पाजायला सुट्टी द्यावी लागती. मग टेबल कोणतं बी असू दे."

"पण मी अभिनंदन केलंय ना, बाबा."

"अभिनंदन केल्यानं कायदा बदलला असता, तर या देशात रोज सकाळी बदलला असता. तू अर्ज लिही."

लुंबिनीने चार पानं लिहिली. त्यात तिचं बारा वर्षांचं काम होतं, निष्ठा होती आणि शेवटी 'आपण मला वडिलांसारखे आहात' असं होतं. धम्मानंदांनी चार पानांचं अर्धं पान केलं. "लांब कागद कुणी वाचत न्हाई. आखूड कागदाला भेत्यात. अन् वडील मी हाय." मग त्यांनी दोन गोष्टी बजावल्या. एक, अर्जाची पोच घ्यायची. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक पडला तरच अर्ज दिला असं होतं. न्हाईतर तो नुसता कागद. दुसरी, त्या नव्या टेबलाचं काही स्वीकारायचं न्हाई. "एकदा का त्या टेबलाचा शिक्का तुझ्या हातानं मारला, तर तू ते टेबल घेतलंस असं म्हणतील."

सोमवारी ती हजर झाली. अर्ज घेऊन थेट साहेबांकडे गेली. त्यांनी तो हातात न घेताच वरच्या वर वाचला.

"आवकला द्या," ते म्हणाले.

"सर, आवकला कुणी नाही."

"कसं नाही? तुम्ही आहात की." ते हसले. लातूरहून येताना आणलेला पेढा त्यांनी पुढे केला.

लुंबिनीला पेच दोन्ही बाजूंनी दिसला. शिक्का मारावा तर टेबल स्वीकारल्यासारखं होतं. न मारावा तर अर्ज दिलाच नाही असं होतं. ती बाहेर आली आणि आपल्या जुन्या केबिनमध्ये गेली. चन्नबसप्पा तिच्या खुर्चीच्या अगदी कडेला बसले होते, जशी काही खुर्ची नुकतीच रंगवली असावी.

"चन्नबसप्पाजी, एवढा अर्ज घ्या ना आवकला."

"अय्यो मॅडम, मी कसा घेऊ? मी आता अधीक्षक हाय म्हणे." ते मूळ देगलूरचे. त्यांचा चेहरा उतरला होता. "सकाळपासनं सात फायली आल्या. सगळे म्हणतात निर्णय द्या. मी बावीस वर्षांत निर्णय दिला न्हाई हो. घरात भाजी कोणती ते बी बायकोच सांगती."

"मग काय केलंत?"

"सातींवर 'चर्चा करावी' लिहिलं."

"कुणाशी?"

"ते बी चर्चेत ठरंल."

एक वाजला. लुंबिनी आवकच्या टेबलामागून उठली, तर दारात साहेब उभे. "मॅडम, आवक टेबल रिकामं ठेवता येत नाही हं." तिने पाजायच्या सुट्टीचा नियम सांगितला. "लेखी द्या," साहेब म्हणाले. "आवकला." ती खाली बसली. मागच्या भिंतीपलीकडून यशूच्या रडण्याचा आवाज आपल्याला ऐकू येतोय, असं तिला पावणेसहापर्यंत वाटत राहिलं. भिंतीपलीकडे खरं तर पिठाची गिरणी होती.

"पोस्टानं पाठव," धम्मानंद फोनवर म्हणाले. "रजिस्टर कर. पोस्टाला कोण न्हाई म्हणतो ते बघू."

मंगळवारी तिने रजिस्टर पोस्ट केलं. बुधवारी ईमेलही करून पाहिला. संस्थेचा ईमेल आवकच्या कॉम्प्युटरवर उघडतो, हे तिला तो स्वतःच उघडल्यावर कळलं. गुरुवारी पोस्टमन सटवाजी पाकीट घेऊन तिच्यासमोर उभे राहिले.

"करा ताई सही. सचिवसाहेबांच्या नावानं हाय."

लुंबिनीने पाकिटाकडे पाहिलं. आपलंच अक्षर. "मला नाही घेता येणार, काका."

"का बरं? कुणी पाठवलंय?"

"मीच."

सटवाजींनी चष्म्यावरून पाहिलं. "म्हंजे तुम्हीच पाठवलं, अन् तुम्हीच घेत न्हाई म्हणता?"

"हो."

"मग पाठवणाऱ्याला परत करावं लागंल. म्हंजे उद्या हेच पाकीट तुमच्या घरी आणून देतो. तिथं तरी घेताल का?"

"तिथं घेते."

"देवा," सटवाजी म्हणाले आणि सायकलीवर बसले.

ते फाटकाबाहेर पडतात तोच पारूबाई आत आल्या. पारूबाई म्हणजे लुंबिनीच्या सासूबाई. काखेत यशू, यशूचा चेहरा टोमॅटोसारखा लाल.

"चार दिस झाले लेकरू उपाशी तडफडून राहिलं," त्यांनी सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असं सांगितलं. "आईला सुट्टी न्हाई तर लेकरालाच ड्यूटीवर आणलं. कुठं मांडू हिला?" आणि त्यांनी नातीला आवक रजिस्टरावर बसवलं.

यशू क्षणभर गप्प झाली. तिच्या मुठीत तिचं आवडतं खेळणं होतं. तिने ते हलवलं. खुळ्ळ खुळ्ळ.

केबिनमधून चन्नबसप्पा धावत आले. "अय्यो! ही तर कपाटाची किल्ली!"

ती खरोखरच अधीक्षकाच्या कपाटाच्या किल्ल्यांची जुडी होती. लुंबिनीला ऑफिसातच कळा सुरू झाल्या होत्या आणि जुडी पर्समध्ये तशीच राहिली होती. पुढे यशूला तिच्याशिवाय झोप येईना. सहा महिने त्या कपाटावाचून संस्थेचं काही अडलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

"द्या मॅडम, लवकर द्या," चन्नबसप्पा काकुळतीला आले. "चार दिवस झाले, कपाट उघडंना. साहेब विचारून राहिले, चार्ज घेतला का, चार्ज घेतला का."

लुंबिनीचा स्वभाव मदतीचा. तिने यशूच्या मुठीकडे हात नेला. यशूने मूठ आणखी आवळली आणि भोकाड पसरलं. त्या एका भोकाडाएवढ्या वेळात लुंबिनीचा हात हवेत थांबला. तिचं लक्ष टेबलावर गेलं. शाईचा पॅड होता, पिनांची डबी होती, गोंद होता. चार दिवस ज्याच्या भीतीने तिने त्या टेबलाकडे धड पाहिलंही नव्हतं, तो शिक्काच तिथे नव्हता.

"चन्नबसप्पाजी," ती हळू म्हणाली, "आवकचा शिक्का कुठाय?"

त्यांचा हात आपोआप शर्टाच्या खिशावर गेला. रुमालाची पुरचुंडी होती. ते ओशाळले. "न्हाई देववला मॅडम. बावीस वर्षं हाय माझ्यापाशी. सुट्टीत घरी नेतो, देवापाशी ठेवतो."

"म्हणजे या टेबलाचा चार्ज तुम्ही मला दिलाच नाही?"

"न्हाई."

"आणि मी अधीक्षकाचा चार्ज तुम्हाला दिला नाही."

"किल्ली तर लेकराकडं हाय."

"यादी झाली? दोघांच्या सह्या झाल्या?"

"कुठून?"

"मग," लुंबिनीला आपलाच आवाज लांबून आल्यासारखा वाटला, "तुम्ही अजून आवकलाच आहात. आणि मी अजून अधीक्षक."

चन्नबसप्पांना ते आत उतरायला थोडा वेळ लागला. मग जेलातून सुटलेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा फुलला. त्यांनी पुरचुंडी सोडली, यशूला अलगद उचलून पारूबाईंकडे दिलं, खुर्ची ओढून ऐसपैस बसले आणि हात पुढे केला. "द्या मॅडम अर्ज. इकडं द्या."

धप्प! शिक्का असा बसला की ज्योत्स्ना ग्रंथालयातून बाहेर आली. आवक क्रमांक दोनशे सतरा. पोच हातात आली आणि लुंबिनीचे डोळे भरून आले. तिने आधी कोपऱ्यात जाऊन यशूला पाजलं. मग साहेबांकडे गेली. मागून चन्नबसप्पा, काखेत जावक रजिस्टर.

साहेबांनी या वेळी अर्ज हातात घेऊन वाचला. 'प्रसूती रजेच्या काळात' या शब्दांपाशी आल्यावर त्यांनी पाणी मागवलं.

"खाली 'प्रत: कामगार कार्यालय' असं लिहिलंय. पाठवलंय का?"

"पाकीट तयार आहे, सर. आपलं लेखी उत्तर काय येतं त्यावर आहे."

"पण तुम्ही ग्रुपवर सगळ्यांसमोर..."

"सर, त्या आदेशाचा जावक क्रमांक काय आहे?"

साहेबांनी चन्नबसप्पांकडे पाहिलं. चन्नबसप्पांनी रजिस्टर उघडलं, बोट फिरवलं आणि अत्यंत आनंदाने सांगितलं, "असा आदेश माझ्याकडून गेलाच न्हाई साहेब. तुम्ही डायरेक्ट ग्रुपवर टाकला."

"अरे, तुलाच तर अधीक्षक केलं होतं त्यात!"

"नको साहेब. माझं बीपी वाढलं. पाया पडतो."

संध्याकाळी पाच वाजता 'आपला परिवार'वर नवा आदेश आला. या वेळी जावक क्रमांकासह. ग्रुपवर पुष्पगुच्छांचा पाऊस पडला. लुंबिनीने एकही पाठवला नाही. ती आपल्या खुर्चीत बसली, फोटो मोठा केला आणि पहिल्या अक्षरापासून वाचायला लागली. मागील आदेश रद्द. श्रीमती नरवाडे अधीक्षकपदावर कायम. दिवसातून दोन वेळा लेकराला पाजण्यासाठी सुट्टी मंजूर. तिने दुसऱ्यांदा वाचलं. सगळं बरोबर होतं. धम्मानंदांना पाठवायच्या आधी तिने मोठा केलेला फोटो अगदी तळापर्यंत सरकवला, आणि तिसऱ्या वाचनाला तिला ती शेवटची ओळ दिसली.

प्रयोगशाळा सहायक श्री. सुदर्शन यांना, रजेवरून हजर झाल्यापासून, प्रशासकीय सोयीस्तव, वसतिगृहाच्या दारावर रखवालदार म्हणून नेमण्यात येत आहे. त्यांच्या जागी श्री. नरसिंग.

सुदर्शनची बायको बाळंत झाली होती. तो आठ दिवसांच्या रजेवर हिमायतनगरला होता. लुंबिनीने घाईघाईने खालची अभिनंदनं पाहिली. पहिलं नाव नरसिंग. दुसरं सुदर्शन. त्याने तिचाच जुना मजकूर उचलला होता, पुष्पगुच्छांसकट: 'योग्य व्यक्तीला योग्य न्याय!'

तिने त्याला फोन लावला. बंद. परत लावला. बंद. कदाचित बाळ झोपलं असेल. कदाचित रेंज नसेल. कदाचित तोही तिच्यासारखाच कुकरकडे एक कान ठेवून, न वाचताच खूश असेल.

लुंबिनीला अजून त्याचा फोन लागलेला नाही. म्हणून तिचं एवढंच म्हणणं आहे, की तुमच्यापैकी कुणी हिमायतनगरकडचं असेल तर जाता जाता त्याच्या घरी डोकवा. उंच, सावळा, चष्मा, दारात नव्या बाळाची दुपटी वाळत असतील. आधी बाळ कसंय ते विचारा. मग खांद्यावर हात ठेवून, घाबरवू नका, पण विचारा त्याला: बाबा रे, शेवटची ओळ वाचलीस का?